घरखर्चाची वही आणि तिसरा रकाना

(सातपूर, अंबड आणि पंचवटी भागातल्या बचत गटांच्या नाशिक येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'अनावश्यक खर्च टाळा, बचत वाढवा'. संयोजक ताईंनी हा विषय सांगितला तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, की सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर पगाराच्या दिवशी असं भाषण कधी कुणी ठेवलंय का? त्या हसल्या. म्हणाल्या, "ठेवलं तरी ऐकायला कोण थांबणार?" थांबतो त्या आपण. चटया टाकून बसतो, लहान पोर मांडीवर घेतो आणि काटकसर कशी करावी ते पुन्हा एकदा ऐकून घेतो. खरं तर इथल्या कुठल्याही बाईनं मलाच बसवून शिकवावं, की महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर उरलेल्या दोनशे रुपयांत पाच माणसांचा स्वयंपाक कसा काढायचा. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला कौटुंबिक अंदाजपत्रक शिकवलं होतं. त्यात गोल काढून त्याचे तुकडे केलेले असायचे, अन्न एवढं, घरभाडं एवढं, करमणूक एवढी. त्या गोलात व्याजाचा तुकडा नव्हता. दारूचा तर नव्हताच.

तरीही मी विषय बदलून मागितला नाही. बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे असले आणि नसले, तर काय फरक पडतो, हे मी कामात रोज पाहते. सल्ला केंद्रात बाई येते, अंगावर आठ दिवसांपूर्वीचे वळ असतात. "त्याच दिवशी का आला नाहीत?" असं विचारलं तर पुष्कळदा उत्तर मिळतं, "रिक्षाला पैसे नव्हते." कुणी म्हणते, माहेरी फोन करायचा तर रिचार्ज संपलेला. एवढ्याशा रकमेपायी माणूस मारखाऊ घरात आठ दिवस राहतं. म्हणून बचतीचं बोलायचंच आहे. फक्त नेहमीच्या वाटेनं नको.

आता हा शब्द घ्या, 'अनावश्यक'. हे ठरवतं कोण? मी गटांमध्ये फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: मागच्या महिन्यात पैसे कमी पडले, तेव्हा सगळ्यात आधी काय बंद केलं? उत्तरं पटापट येतात आणि थोड्याफार फरकानं सगळीकडं तीच येतात. दूध बंद केलं, म्हणजे पोरांचं नाही, आपल्या चहातलं. बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली. चष्म्याचा नंबर बदललाय, पण पुढच्या महिन्यात बघू. बस सोडून पपया नर्सरीपासून घरापर्यंत चालत आले. पॅडऐवजी पुन्हा जुनं सुती कापड काढलं. एक ताई म्हणाली, "मी रात्रीचं चहा-टोस्टावर भागवते, तेवढंच वजन कमी होतं." सगळ्या हसल्या, तीही हसली. मग मी विचारलं, गेल्या महिन्यात घरातल्या पुरुषाचं काय बंद केलं? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक आजी म्हणाल्या, "त्यांचं कसं बंद करणार, ते कमावतात." त्या आजी स्वतः चार घरी धुण्याभांड्याला जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी पाहा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेलं होतं. त्याची कारणं अनेक आहेत, डॉक्टर मंडळी ती सांगतील. पण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते आपलं, ही रीत त्यात नाही असं कुणी सांगू नये. बाईनं स्वतःच्या ताटातून काढलेला पैसा बचत म्हणून वहीत लिहायचा नाही. तो पुढं दवाखान्यात भरावा लागतो, तोही व्याजानं काढून.

म्हणून पहिली यादी करायची ती काय कमी करायचं नाही याची. तिन्ही वेळचं जेवण, स्वतःचं औषध, मुलीचे पॅड, शाळेचा बसपास, आणि महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीला यायचं भाडं. हे आवश्यक. यावर घरात चर्चा नाही. जे हक्कानं मिळतं ते घ्या. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य कार्डांवर मोफत झालं. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागं पस्तीस किलो. दुकानदार कमी मापतो, 'मशीन चालत नाही' म्हणतो, तर दोघी-तिघी मिळून जा आणि पावती मागा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं. पेठ, सुरगाण्याला माहेर असलेल्यांना हे माहीतच आहे. हा पैसा कुणाच्या तोंडचा घास न काढता वाचतो.

आता वहीकडं येते. शाळेची साधी शंभर पानी वही घ्यायची. महिनाभर रोजचा खर्च लिहायचा. पहिल्या रकान्यात काय घेतलं, दुसऱ्यात किती रुपये. एवढं तर पुष्कळ जणी लिहितात. आपण तिसरा रकाना आखायचा: हा खर्च कुणासाठी झाला आणि कुणी ठरवला. लिहिता येत नसेल तर मुलीला बसवा, नाहीतर चित्रं काढा. अंबडच्या एका ताईनं दूध, बिडी, रिक्षा यांची चित्रं काढून उभ्या रेघा मारल्या होत्या. तिची वही सगळ्यांत नीट होती.

महिन्याच्या शेवटी वह्या उघडल्या की दोन गोष्टी हटकून दिसतात. एक म्हणजे, बाईच्या नावापुढचा रकाना जवळजवळ रिकामा असतो. महिनाभरात स्वतःसाठी काय, तर टिकल्यांचं पाकीट, आणि तेही लिहिताना ती ओशाळलेली. दुसरी गोष्ट म्हणजे, घरातला पैसा मोठ्या भोकातून फारसा जात नाही, तो दहा-दहा रुपयांनी जातो. दहा रुपयांची पुडी दिवसाला चार, म्हणजे महिन्याला बाराशे रुपये. टपरीवर दोन वेळा चहा, कधी सोबत दोन मित्र. पोराच्या हातात रोज पाच-दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट, कारण सकाळी डबा करायच्या आधी आई कामावर पळालेली. या पाकिटाबद्दल आईला रागवायचं नाही. ते पाकीट म्हणजे तिच्या नसलेल्या अर्ध्या तासाची किंमत आहे.

इथं थोडं थांबते. काटकसरीची पुस्तकं सांगतात, पापड घरी करा, मसाला घरी कुटा, कपडे घरी शिवा, मुलांना घरी शिकवा. करावं, हौस आणि वेळ असेल तर. पण हा वेळ कुणाचा? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. हे ८८ सुद्धा जे पुरुष काही करतात त्यांचेच; न करणारे यात धरलेलेच नाहीत. पावणेपाच तास बाई आधीच देते आहे. त्यावर आणखी दोन तास जात्यावर आणि पाट्यावर घालून वीस रुपये वाचवले, तर तिच्या कामाचा भाव तासाला दहा रुपये झाला. द्राक्षाच्या बागेत खुडणीला गेलेल्या बाईला कुणी असा भाव दिला, तर आपण मोर्चा काढू. घरच्या मसाल्याला मात्र सुगरण म्हणून टाळ्या.

जुन्या बायकांची एक रीत मला पटते, ती बेगमीची. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू, लाल मिरची, हळद, डाळ भरून ठेवायची. त्या दिवसांत माल नवा असतो, स्वस्त असतो. पण त्यासाठी एकदम पाच-सहा हजार हाताशी लागतात, आणि आपल्या घरात ते नसतात. म्हणून आपण वर्षभर किराणा दुकानातून पाव किलो, अर्धा किलो घेत राहतो, तेल पिशवीनं आणि शाम्पू पुडीनं. गरिबाला प्रत्येक गोष्ट महाग पडते ती अशी. श्रीमंत बाई पंधरा किलोचा डबा घेते आणि किलोमागं कमी देते. आपण कमी घेतो आणि किलोमागं जास्त देतो, वर उधारीच्या वहीत दुकानदार काय लिहितो ते त्यालाच ठाऊक.

हे एकटीनं सुटत नाही, गटानं सुटतं. पंचवटीतल्या एका गटानं काय केलं ते सांगते. पंधरा जणी, महिना दोनशे रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. त्यांनी ठरवलं, की मार्च अखेरीला गटातून कर्ज कुणालाही नवीन द्यायचं नाही, ती रक्कम एप्रिलच्या धान्यखरेदीसाठी मोकळी ठेवायची. निफाडकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून गहू थेट आणला, टेंपोचं भाडं वाटून घेतलं. ज्यांना एकदम पैसे देणं शक्य नव्हतं त्यांनी पाच महिन्यांत गटाला फेडले. दिवाळीच्या आधी तेल आणि साखर तशीच. यात कुणाचा घास कमी झाला नाही, कुणी रात्री दोनला उठून मसाला कुटला नाही. भांडणं मात्र झाली. गव्हात खडे निघाले, एकीला वाटलं आपल्या पोत्यात जास्त आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी आधी नमुना आणून पाहिला आणि दळून भाकरी, सॉरी, पोळी करून पाहिली. नाशिकच्या बाईला गव्हाची परीक्षा मी कशाला सांगू!

आता सगळ्यात मोठी गळती. व्याज.

खासगीत शेकडा दहा रुपये महिना, असं सहज बोललं जातं. पाच हजार घेतले तर महिन्याला पाचशे फक्त व्याज. वर्षाला सहा हजार झाले आणि मुद्दल जागच्या जागी. चहात साखर कमी टाकून हे भरून निघणार नाही. गटातून शेकडा दोननं तेच पाच हजार घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज शंभर रुपये, आणि ते शंभर गटाच्याच पेटीत पडतात. मुद्दल फिटेल तसं व्याज उतरत जातं. नाबार्डनं १९९२ मध्ये गट आणि बँका जोडायला सुरुवात केली ती याचसाठी, की सावकाराच्या दारातून बायका बाहेर पडाव्यात. बाहेर पडल्या का? पडल्या, आणि पुष्कळ जणी दुसऱ्या दारातून आत गेल्या. ते दार म्हणजे आठवड्याच्या हप्त्याचं.

मायक्रोफायनान्सचं कर्ज तुमच्यातल्या बऱ्याच जणींकडं आहे, कुणाकुणाकडं तर तीन-तीन कंपन्यांचं. सोमवारी एकीचा हप्ता, गुरुवारी दुसरीचा. एकीचा भरायला दुसरीचं काढायचं. मी कुणाला दोष देत नाही. गणपतीत, शाळेच्या फीला, सासूच्या ऑपरेशनला पैसा लागतोच. पण नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं तारणाशिवायचं कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचं नाही. शिवीगाळ, धमकी, शेजारीपाजारी, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. आणि कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. आज घरी गेल्यावर आपापलं कार्ड काढून बघा, त्यावर व्याजाचा आकडा कुठं आहे तो शोधा.

'सपाट व्याज' हा शब्दही ऐकून ठेवा. टीव्हीचं किंवा मोबाइलचं दुकान किंवा एखादा फायनान्सवाला सांगतो, 'फक्त बारा टक्के'. दहा हजारांवर वर्षाचे बाराशे, बारा हप्ते, प्रत्येकी ९३३ रुपये. ऐकायला सोपं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. सहा महिन्यांनी तुमच्याकडं त्याचे निम्मेच पैसे असतात, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर चालूच असतं. हिशोब केला तर खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढं जातो. म्हणून विचारायचं, 'व्याज घटत्या शिलकीवर आहे की सपाट?' एवढं एक वाक्य पाठ करा. विचारणाऱ्या बाईला फसवताना समोरचा जरा बिचकतो. आणि सावकार परवाना नसताना व्याजानं पैसे देत असेल, कोऱ्या स्टँपवर सह्या घेत असेल, तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करायची. एकटीनं जाऊ नका, गटाचं पत्र घेऊन जा.

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलते. तिसऱ्या रकान्यात दारू आणि पुडी लिहायची कशी? एकीनं लिहिली, नवऱ्यानं वही वाचली आणि बंबात टाकली. दुसरीच्या नवऱ्यानं वाचली आणि तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'एवढे होतात?' दोन्ही खरं आहे. कुठल्या घरात काय होईल ते तुम्हालाच कळतं. मार बसण्याची भीती असेल तिथं वही घरी ठेवायची नाही, गटाच्या पेटीत ठेवायची. नवऱ्याला सुधारायची जबाबदारी वहीवर टाकायची नाही. घरखर्चाला पैसे न देणं, बाईचा पगार काढून घेणं, तिचे दागिने तिला न विचारता मोडणं, याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं आर्थिक छळ म्हटलंय. गालावर वळ नसले तरी तक्रार करता येते, हे अजून कितीतरी जणींना माहीत नाही.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. कुठल्या टपरीवर मिळतो ते मी सांगायची गरज नाही, शाळेतली पोरंही सांगतील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याआधी आपल्या वस्तीतल्या किती पोरांनी आईचं मंगळसूत्र गहाण टाकलं ते मी पाहिलंय. कायद्याची अंमलबजावणी आपोआप होत नाही. दारूच्या परवानाधारक दुकानाबाबत मात्र आपल्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे मतदान. वॉर्डातल्या किंवा गावातल्या महिला मतदारांनी रीतसर मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मत टाकायला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण यादीतल्या! म्हणून ते कठीण आहे. तरी महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी ते करून दाखवलंय.

लग्नाचा खर्च हा वेगळा व्याख्यानाचा विषय आहे, मी थोडक्यात सांगते. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च नावापुरता, आणि मागं सावित्रीबाई उभ्या. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगितलं, की कर्ज काढून सण आणि लग्नं करू नका. त्याच बाबांची धर्मशाळा आपल्या नाशिकात आहे. आणि आपण काय करतो? हळदीला डीजे, लग्नाआधी फोटोंचं शूटिंग, बारशाला हॉल. यात बाईचा दोष किती? वरपक्षाची मागणी असते, भावकी नावं ठेवते. मुलीच्या बापाला फेटा बांधायला लावतात आणि कर्जही काढायला लावतात. पण मुलाची आई म्हणून इथं बसलेल्या ज्या आहेत, त्यांच्या हातात बरंच आहे. मागू नका, एवढंच त्यांना सांगते. वर्गणीचंही तसंच. चौकातलं मंडळ पाचशेची पावती फाडतं, नाही म्हणायची भीती वाटते. एका गल्लीतल्या बायकांनी मिळून सांगितलं, सगळ्यांची एकच रक्कम, शंभर. मंडळाची पोरं जरा कुरकुरली, मग घेऊन गेली.

आता वाचलेला पैसा ठेवायचा कुठं? आपलं नाशिक नोटा छापणारं गाव आहे. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून चालू आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटबंदी झाली. तेव्हा तिथं नव्या पाचशेच्या नोटा छापायचं काम दिवसरात्र चाललं होतं आणि इकडं वस्त्यांमध्ये बायका तांदळाच्या डब्यातून, देव्हाऱ्यामागून, जुन्या साडीच्या घडीतून जुन्या नोटा बाहेर काढत होत्या. मी तेव्हा नुकती कामाला लागले होते. वर्षानुवर्षं दडवलेले पैसे एका आठवड्यात नवऱ्यासमोर आले. कुणाचे आठ हजार, कुणाचे तीस हजार. काही घरांत कौतुक झालं. काही घरांत 'चोरून ठेवलेस' म्हणून मार बसला. बहुतेक घरांत बँकेच्या रांगेत नवरा उभा राहिला आणि पैसे त्याच्या खात्यात गेले, ते परत आले नाहीत. आयकरवाल्यांनीही गृहिणींना नोटिसा पाठवल्या. जून २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानं सांगितलं, की गृहिणीनं नोटबंदीच्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड ही घरखर्चातून साठवलेली बचत मानावी. कायद्याला कळलं, घराला कळायचंय.

डबा वाईट असं मी म्हणत नाही. रात्री-बेरात्री लागतील एवढे पाच-सातशे रुपये डब्यातच हवेत. बाकीचे स्वतःच्या नावावरच्या खात्यात. खातं काढलं म्हणजे झालं असं नाही. तीन गोष्टी तपासा. बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो? एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे? वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय? लाडकी बहीणचे दीड हजार जुलै २०२४ पासून सुरू झाले, तेव्हा मला एक ताई म्हणाली, "पैसे येतात, पण ज्या महिन्यात आले त्या महिन्यापासून ह्यांनी किराण्याचे दीड हजार द्यायचे बंद केले." म्हणजे सरकारनं पैसे कुणाला दिले? जुलै २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी एका निकालात म्हटलं, की नवऱ्यानं गृहिणीची आर्थिक गरज ओळखली पाहिजे, संयुक्त खातं ठेवावं, एटीएम कार्ड तिला द्यावं. हे निकालपत्रात लिहावं लागलं, यावरूनच परिस्थिती कळते.

जास्त व्याजाच्या मागं मात्र लागू नका. 'पैसे दुप्पट, तिप्पट' म्हणून सांगणारे याच शहरात होऊन गेले. २०१४ मध्ये केबीसी, २०१६ मध्ये मैत्रेय, दोन्ही वेळा नाशिकच्या पोलीस ठाण्यांत गुंतवणूकदारांच्या रांगा लागल्या. त्यात मोलकरणी होत्या, अंगणवाडीच्या ताई होत्या, आणि नातेवाइकांना आपणच सभासद केलं म्हणून तोंड लपवणाऱ्याही होत्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पतसंस्था सगळ्या वाईट नसतात, पण हा फरक माहीत असावा. भिशीचंही तसंच. ओळखीवर चालते तोवर छान, पहिला नंबर लागलेली बाई घर बदलून गेली की संपलं.

आता काम. मागच्या टेबलावर वह्या ठेवल्यात, रेघा आखलेल्या आहेत. घेऊन जा. महिनाभर लिहा. पुढच्या बैठकीत वही सगळ्यांसमोर वाचायची सक्ती नाही, ज्यांना वाटेल त्यांनी फक्त तिसरा रकाना वाचावा. कर्जाची कार्डं मात्र सगळ्यांनी आणायची. आपण एकत्र बसून प्रत्येक हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यात बसतो का ते काढू, ज्यांचा बसत नाही त्यांच्यासाठी कंपनीला द्यायचं पत्र मी लिहून आणीन. मार्चच्या आत धान्याचं ठरवायचंय, तेव्हा वर्षाला किती गहू लागतो तो आकडाही घेऊन या. आणि ज्या ताईची वही बंबात गेली, तिच्यासाठी दोन वह्या बाजूला काढून ठेवल्यात.

विचारा आता, काय विचारायचंय ते.